उजेडावर बोलणारा माणूस

आधीच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीला, तोही गाइडमधून पाठ करून! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. हाच लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर एका रात्रीत झाला असता. पण ज्या व्यक्तीला तो वाचायला द्यायचा आहे तिला इंग्लिश येत नाही. ती म्हणजे माझी मावशी. अकोल्याला असते. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि तिची ही भाषा मी आईचं बघून बघून लहानपणीच शिकले.

गेल्या पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलचं नेट दोन दिवस गेलं होतं, आठवतं ना? रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. मोबाइलचं नेटसुद्धा रांगत होतं. मेसमध्ये तर सुतकच पडल्यासारखं झालं होतं. कोणाची मॅच राहिली, कोणाचा फॉर्म राहिला. पण साधा फोन चालू होता, त्यामुळे रात्री सगळ्या मुली आपापल्या घरी निवांत बोलत होत्या. माझी मात्र पंचाईत झाली. मावशीला फोन करून काय उपयोग? तिच्याशी बोलायचं तर मला तिचे हात दिसायला हवेत, तिला माझे. तिचा छोटासा मेसेज आला, मी उत्तर लिहिलं, पण लिहिण्यात आमचं बोलणं होत नाही. त्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांची तपासणी होती. जिचे डोळे हेच कान आहेत, तिच्यासाठी ती तपासणी काय असते याचा विचार करा. आणि मला काहीच विचारता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खामगाव रस्त्याला फिरायला गेलो तेव्हा कडेच्या खड्ड्याशी दोन जण छत्री धरून बसलेले दिसले. एक दादा केबल सोलत होते. आत रंगीत धागे होते, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. एकेक धागा सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, टोक सरळ कापायचं आणि छोट्या मशीनमध्ये समोरासमोर धरायचं. स्क्रीनवर दोन टोकं मोठी होऊन दिसायची, एक ठिणगी पडायची आणि काच काचेला चिकटायची. मी विचारलं, याची जाडी किती? केसाएवढी, असं त्यांनी सांगितलं. सेकंड इयरच्या पुस्तकातला आकडा मला पाठ होता, १२५ मायक्रॉन. पण पाठ असणं वेगळं आणि पावसात छत्रीखाली बघणं वेगळं!

त्याच महिन्यात ऑप्टिकल कम्युनिकेशनच्या लेक्चरला सरांनी विचारलं, उजेडावरून माणसाचा आवाज सगळ्यात आधी कोणी पाठवला? मागच्या बेंचवरून एडिसनचं नाव आलं. (मागचा बेंच प्रत्येक प्रश्नाला एडिसनच सांगतो.) उत्तर होतं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनवालेच बेल! मग मी लायब्ररीत जाऊन त्यांचं आयुष्य वाचून काढलं, आणि वाचता वाचता मला ते कधी फार आवडले, कधी त्यांचा फार राग आला. दोन्ही इथे लिहिते.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. घराण्याचा धंदाच बोलण्याचा. आजोबा शुद्ध उच्चार शिकवायचे, वडीलही तेच करायचे. वडिलांनी तर उच्चारांसाठी चिन्हांची एक लिपीच बनवली होती. ओठ, जीभ, घसा कुठे कसा ठेवायचा हे त्या चिन्हांत दाखवलेलं असे. आणि अशा घरात आईला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. दिवाणखान्यात लोक गप्पा मारत असायचे तेव्हा छोटा अलेक आईजवळ बसून बोटांच्या खुणांनी तिला सगळं सांगायचा. तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खोल आवाजात बोललं तर तिला समजतं, हेही त्याने शोधून काढलं होतं. आवाज म्हणजे कंपन, हे आपण फिजिक्सच्या पुस्तकात वाचतो. त्याने ते आईच्या कपाळावर शिकलं.

मग घरावर संकटं आली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयाने गेला. १८७० मध्ये मोठा भाऊही त्याच रोगाने गेला. अलेकची प्रकृतीही ढासळत होती. शेवटचा मुलगा तरी वाचावा म्हणून आई-वडिलांनी सगळं विकून त्याच वर्षी कॅनडा गाठला. तिकडच्या मोकळ्या हवेत तो सावरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनला जाऊन तो बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांना शिकवू लागला. लक्षात घ्या, बेल हे इंजिनीअर नव्हते! त्यांना विचारलं असतं तर आपण बहिऱ्यांचे शिक्षक आहोत, असंच त्यांनी सांगितलं असतं.

तिथेच त्यांची विद्यार्थिनी होती मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं होतं. ती ओठ वाचून बोलणं समजायची. तिच्या वडिलांनी बेल यांच्या प्रयोगांना पैसा पुरवला. १४ फेब्रुवारी १८७६ ला टेलिफोनच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. गंमत म्हणजे त्याच दिवशी एलिशा ग्रे नावाच्या दुसऱ्या संशोधकाचेही कागद त्याच ऑफिसात पोहोचले, आणि कोण पहिला हा वाद पुढे कितीतरी वर्षं कोर्टात चालला. ७ मार्चला पेटंट मिळालं आणि १० मार्चला तारेवरून शेजारच्या खोलीतल्या मदतनीस वॉटसनला पहिलं स्पष्ट वाक्य ऐकू गेलं. १८७७ मध्ये बेल आणि मेबल यांचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्यांनी कंपनीतले आपले जवळजवळ सगळे शेअर्स तिच्या नावावर केले आणि स्वतःला फक्त १० ठेवले! ज्या यंत्रातून ती कधीच काही ऐकू शकणार नव्हती, त्याची मालकीण ती झाली. पाच वर्षांत ते यंत्र आपल्या मुंबईतही पोहोचलं. २८ जानेवारी १८८२ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला थोडीफार माहीत असते. माझी खरी गोष्ट यापुढची आहे.

१८८० मध्ये बेल ३३ वर्षांचे होते. नाव झालं होतं, पैसा होता. फ्रान्स सरकारने त्यांना ५०,००० फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक दिलं, ते पैसे त्यांनी प्रयोगशाळेत घातले. पण टेलिफोनला तार लागते हे त्यांच्या मनाला खटकत होतं. सेलेनियम या पदार्थावर उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो, हे १८७३ पासून माहीत होतं. मग बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर यांनी एक यंत्र केलं, त्याचं नाव फोटोफोन. एक अगदी पातळ आरसा घ्यायचा. त्याच्यावर ऊन पाडायचं. आरशाच्या पाठीमागे तोंड लावून बोलायचं. आवाजाने आरसा थरथरतो, कधी फुगतो, कधी आत जातो, आणि त्याच्यावरून निघालेला उजेडाचा झोत तसतसा एकवटतो किंवा पसरतो. दुसऱ्या टोकाला एक खोलगट आरसा आणि त्याच्या फोकसवर सेलेनियम, त्याला बॅटरी आणि टेलिफोन जोडलेला. उजेड कमी-जास्त झाला की करंट कमी-जास्त, करंट कमी-जास्त झाला की कानात आवाज! आपण लॅबमध्ये मॉड्युलेटर आणि डिटेक्टर म्हणून जे जोडतो, ते अगदी हेच आहे.

३ जून १८८० रोजी वॉशिंग्टनमध्ये टेंटर एका शाळेच्या गच्चीवर चढले आणि २१३ मीटर लांबच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत बेल कानाला रिसीव्हर लावून बसले. टेंटर यांनी उजेडावरून सांगितलं की ऐकू आलं तर खिडकीत येऊन टोपी हलवा. बेल यांनी टोपी हलवली. मध्ये तार नव्हती, फक्त ऊन होतं.

बेल यांना या शोधाचं इतकं वेड लागलं होतं की त्याच वर्षी फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलीचं नाव त्यांना फोटोफोन ठेवायचं होतं! मेबलने ते होऊ दिलं नाही, म्हणून ती बिचारी मॅरियन झाली. टेलिफोनपेक्षाही हा आपला मोठा शोध आहे, असं बेल आयुष्यभर मानत आले.

आणि झालं काय? काहीच नाही. ढग आला की संभाषण बंद. धुकं पडलं, पाऊस आला, मध्ये झाड आलं की बंद. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर फोनच लागला नसता! वर्तमानपत्रांनी टिंगल केली. न्यूयॉर्क टाइम्सने विचारलं की हे प्रोफेसर आता गावोगावी खांबांवर सूर्यकिरण टांगणार की काय, आणि टांगणार असतील तर ते किती जाडीचे असतील? वाचताना मला हसू आलं, आणि लगेच तो खड्डा आणि छत्री आठवली.

दळणवळणाला तीन गोष्टी लागतात. पाठवणारा, घेणारा आणि दोघांमधला रस्ता. बेल यांच्याकडे पहिल्या दोन होत्या. रस्ता नव्हता. वाईट याचं वाटतं की रस्त्याची कल्पना तेव्हा कोणाला सुचलीच नव्हती असंही नाही. वाकड्या धारेने पडणाऱ्या पाण्यात उजेड आतल्या आत वळत जातो, हे जिनिव्हात कोलाडॉन यांनी १८४१ मध्ये आणि लंडनमध्ये टिंडल यांनी १८५४ मध्ये दाखवलं होतं. टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन, दुसरं काय! पण ती करमणुकीची जादू समजली गेली. आणि समजा बेल यांना काचेचा धागा सुचला असता, तरी त्या काळच्या काचेने उजेड थोड्याच मीटरांत खाऊन टाकला असता.

आता ज्याचा मला राग आला तो भाग. ज्यांनी आईशी बोटांनी बोलायला सुरुवात केली, तेच बेल पुढे बहिऱ्यांच्या शाळांत हातांची भाषा नको, फक्त ओठ वाचणं आणि तोंडाने बोलणं शिकवा, या मताचे मोठे पुरस्कर्ते झाले. फोटोफोनच्याच वर्षी, सप्टेंबर १८८० मध्ये, इटलीतल्या मिलानमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांच्या परिषदेने तसाच ठराव केला आणि जगभरच्या शाळांतून हातांची भाषा हद्दपार होऊ लागली. १८८३ मध्ये बेल यांनी एक प्रबंध वाचला. बहिऱ्यांनी आपापसांत लग्नं केली तर बहिऱ्या माणसांची वेगळी जातच तयार होईल, ही त्यांची भीती होती, आणि अशी लग्नं कमी व्हावीत असा त्यांचा सूर होता. मेबल ओठ वाचून जगात वावरत होती, म्हणून सगळ्यांना ते जमेल असं त्यांना वाटलं असेल का? मला ठाऊक नाही. माझ्या मावशीच्या लहानपणी तिच्या शाळेत हातवारे केले की हातावर पट्टी बसायची. मुलं मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन गप्पा मारायची. एवढी लांब पोहोचलेली पट्टी आहे ही.

पण माणूस एकाच रंगाचा नसतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा शरीरातली गोळी शोधायला बेल यांनी धातू ओळखणारं यंत्र घेऊन धाव घेतली. गोळी सापडली नाही, अध्यक्ष वाचले नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचा मुलगा जन्मला आणि श्वास न घेता आल्याने काही तासांत गेला. त्या दुःखात बेल यांनी कृत्रिम श्वास देणारं जाकीट बनवलं. हेलन केलरच्या वडिलांना योग्य शाळेचा रस्ता त्यांनीच दाखवला, आणि १९०३ मध्ये तिने आपलं आत्मचरित्र त्यांनाच अर्पण केलं. विमानं, पतंग, पाण्यावर उचलून धावणारी बोट, त्यांनी काय म्हणून केलं नाही! २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या आपल्या घरी ते वारले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. फोटोफोन मात्र कधीचाच विसरला गेला होता.

रस्ता सापडला तो १९६६ मध्ये, फोटोफोननंतर ८६ वर्षांनी. इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धतेचा आहे. आपल्या भाषेत हिशोब करू. तेव्हाच्या चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला १००० डीबी लॉस होता, म्हणजे २० मीटरवर उजेडाचा फक्त १ टक्का उरायचा. काओ म्हणाले २० डीबीपर्यंत आणा, म्हणजे १ टक्का उरेल तो १ किलोमीटरवर, आणि तेवढं फोनसाठी पुरेल. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डीबीचं फायबर काढून दाखवलं. आज हा आकडा साधारण ०.२ आहे. म्हणजे तोच १ टक्का १०० किलोमीटरवर! वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर. ऑप्टिकल नेटवर्कची सगळी वाढ या तीन आकड्यांत बसते. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

आपल्या देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजच्या जंक्शनसाठी सुरू झाली. फोटोफोननंतर बरोबर ९९ वर्षांनी आणि आपल्याच महाराष्ट्रात! १९८८ मध्ये अटलांटिक समुद्राखालून पहिली फायबर केबल गेली. मग उजेडाला उजेडातच वाढवणारे अॅम्प्लिफायर आले, आणि एकाच धाग्यातून वेगवेगळ्या वेव्हलेंग्थचे कितीतरी झोत एकमेकांना धक्का न लावता जाऊ लागले. २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, तिचंच नाव पुढे भारतनेट पडलं.

या नेटवर्कची रचना समजून घ्यायला आपला रेल्वे नकाशा पुरे. मुंबई-हावडा मेन लाइन मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत जाते. हा झाला बॅकबोन. (आणि खरंच, रेल्वेच्या रुळांशेजारून रेलटेलचं फायबर धावतं.) जलंबहून खामगावला एक फाटा जातो. ही झाली शाखा. बॅकबोनमध्ये केबल शक्यतो रिंगमध्ये टाकतात. एका बाजूने तुटली तर डेटा उलट्या बाजूने फिरून येतो, तोही सेकंदाच्या विसाव्या भागात, कोणाला कळतसुद्धा नाही. पण फाट्याला दुसरी बाजू नसते. जलंब-खामगाव रूळ उखडला तर गाडी कुठून आणणार? गेल्या पावसाळ्यात आपण अशाच एका फाट्याच्या टोकाला बसलो होतो. बेल यांचा उजेड ढगाने अडायचा, आपला कुदळीने अडला. म्हणूनच नेटवर्क वाढणं म्हणजे नुसते किलोमीटर वाढणं नव्हे. प्रत्येक फाट्याला दुसरी वाट मिळणं, ही खरी वाढ. ते काम आपल्या पिढीच्या इंजिनीअरांसाठी शिल्लक आहे.

त्या संध्याकाळी नेट आलं. मी पहिला व्हिडिओ कॉल मावशीला केला. डोळे ठीक होते, फक्त चष्म्याचा नंबर वाढला होता. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे बेल यांच्याबद्दल वाचून झाल्यावर ही सगळी गोष्ट मी तिला हातांनी सांगितली. १८८३ च्या प्रबंधाशी आल्यावर तिने तोंड फिरवलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघितलंच नाही. मग तिने वेगळाच प्रश्न विचारला. रात्री दिवा मालवल्यावर तो बायकोशी कसा बोलायचा?

मी अडखळले. बरोबरच होतं, अंधारात ओठ कसे वाचणार? दिवा लावावाच लागत असेल, मी सांगितलं. मावशी हसायला लागली. मग त्याचा आवाज बायकोपर्यंत रोज उजेडावरूनच जात होता की, तिने हातांनी सांगितलं. गच्चीवर चढायची गरजच काय होती! आणि तू आणि मी आत्ता काय करतोय?

मला उत्तर सुचलं नाही. ज्या माणसाला हातांची भाषा नको होती, त्यानेच पाहिलेल्या स्वप्नाच्या रस्त्यावरून मावशीचे हात अकोल्याहून माझ्या हॉस्टेलच्या खोलीपर्यंत येत होते. बेल चुकले की बरोबर होते, याचा निकाल लावण्याएवढी मी मोठी नाही. त्या खड्ड्याशेजारी आता केबलची खूण म्हणून एक दगड रोवलाय. तिकडून जाताना मी थोडी थांबते, एवढंच.

कॉल बंद करताना मावशीने बजावलं, हे सगळं लिही, आणि मराठीत लिही, मी वाचेन. म्हणून लिहिलं. मावशी, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे.